डाव्या हाताची नाडी

माझ्या डाव्या मनगटाला नाडी लागत नाही. उजव्या मनगटाला लागते, गळ्याला लागते, पायांना लागते, डाव्या मनगटाला नाही. समोर एखादा नवा डॉक्टर किंवा शिकाऊ नर्स असली की मी मुद्दाम डावा हात पुढे करते आणि गप्प बसते. ते बोटं जरा वर सरकवतात, जरा खाली सरकवतात, घड्याळाकडे बघतात, मग माझ्या तोंडाकडे बघतात. मी हसते आणि मग सांगते. इतपत चेष्टा करायचा हक्क मी कमावला आहे, असं मला वाटतं.

हे दुखणं मला सुरतेत लागलं, प्लेगच्या पळापळीच्या पुढच्या वर्षी. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. शरीरात जे काही बाहेरच्या रोगांशी लढायला ठेवलेलं असतं, ते माझ्या स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उठलं होतं. त्या आतून सुजत होत्या, जाड होत होत्या आणि रक्ताची वाट बुजत होती. म्हाताऱ्या माणसांच्या रक्तवाहिन्यांचं जे होतं, ते माझ्या बाबतीत तिशीच्या आत होऊन बसलं. एका जपानी डॉक्टरच्या नावाने हा आजार ओळखतात. ते नाव मला आजही धड म्हणता येत नाही. 'नाडी हरवण्याचा आजार' असंही त्याला म्हणतात, तेवढं मला पुरतं.

हा बहुतेक तरुण बायकांना होतो. अशा एखादीच्या किंवा तिच्या घरच्यांच्या हाती हे पडावं म्हणून लिहिते आहे. आणि खरं सांगायचं तर मला माझ्या सासूबाईंबद्दल लिहायचं आहे. त्या आता नाहीत. असत्या तर त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या असत्या, कसाले लिखस, दुसरं काम नही का तुले?

आमचं घर

नवागाममध्ये आमच्या दोन खोल्या होत्या. माझे हे शहराबाहेरच्या सचिन गावी कापड रंगवण्याच्या मिलमध्ये, बारा तासांची पाळी. पाच वर्षांची पिंकी. मी अमळनेरची, बारावी झालेली, घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचं काम करायची. पर्वत पाटिया भागातल्या कापडबाजारातून माणूस गठ्ठा आणून टाकायचा. डावा हात कापडाखाली ताणून धरायचा आणि उजव्या हाताने टिकली लावायची, असं ते काम. आणि घराच्या मधोमध सासूबाई. त्यांना सगळी गल्ली जिजी म्हणायची, म्हणून मीही जिजीच म्हणायची.

जिजी उंच, हाडापेराने भक्कम, आवाज असा की तिसऱ्या घरातलं मूल रडायचं थांबेल. साक्री तालुक्यातल्या त्यांच्या गावात त्यांचे वडील नाडी बघायचे. वैद्य म्हणावं इतकं शिक्षण नाही, पण पंचक्रोशीतले लोक यायचे. लहानपणी जिजी त्यांच्याबरोबर घरोघर फिरल्या होत्या. वडिलांनी लेकीच्या बोटांना ते शिकवलं होतं. बाईची नाडी डाव्या हाताची, पुरुषाची उजव्या हाताची, हा त्यांच्याकडचा पहिला धडा. सुरतेला आल्यावर जिजींनी ते सोडून दिलं. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "आठे इतला डाक्टर शेत, मी काय करू?" इथे एवढे डॉक्टर असताना माझं काय काम, असं. पण वडिलांचा विषय निघाला की त्यांची मान ताठ व्हायची.

मला त्यांची भीती वाटायची, हेही सांगून टाकते. लग्नाला सात वर्षं झाली होती, तरी त्या स्वयंपाकघरात आल्या की मी हातातलं भांडं उगाचच पुन्हा पुसायची.

लो बीपी

सुरुवात तापाने झाली. बारीक ताप, रोज संध्याकाळी. त्या दिवसांत सुरतेत ताप हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नसे. शेजारच्या रेखाबाई दोन दिवस उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बोलल्या, मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं आणि आत येऊन बसल्या. ताप गेला. वजन मात्र उतरत राहिलं. सांधे दुखायचे. मग डावा हात गळायला लागला. दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर केला की चौथ्या-पाचव्या कपड्याला तो आपोआप खाली यायचा. बोटं गार पडायची. पुढे चक्कर, डोकेदुखी, आणि मधूनच डोळ्यांपुढे काळोख. एकदा साडीवर टिकल्या लावता लावता अर्धी साडीच दिसेनाशी झाली. मी हललेही नाही. जरा वेळाने ती परत दिसायला लागली.

गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरांचा दवाखाना होता. जिजी दरवेळी माझ्याबरोबर यायच्या. मी स्टुलावर बसले रे बसले की त्या माझा डावा हात उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायच्या. "डावा दे. बाईमाणूसनी नाडी डावा हातमा ऱ्हास." डॉक्टर हसायचे आणि त्याच हाताला पट्टा बांधायचे. कोणता का हात असेना, त्यांना काय फरक पडत होता? पंप दाबून बघायचे आणि म्हणायचे, "बीपी लो छे, बेन. मीठुं-लींबुनुं पाणी पीवडावो."

मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्या बाकावर पन्नास माणसं बसलेली असायची. चक्कर येणारी वाळलेली सून आणि बीपीच्या काट्यावर नव्वद. कोणीही तेच सांगितलं असतं.

पण जिजींच्या हाती काम मिळालं. एखादी गोष्ट करायची ठरवली की त्या अर्धवट करत नसत. सकाळी उठल्यावर पेलाभर लिंबू-मीठ-पाणी, दुपारी एक, संध्याकाळी एक. जेवणात लोणचं, पापड, गावाहून आलेल्या ज्वारीच्या खारट बिबड्या, वर ठेच्यात मीठ जास्त. मी तोंड वाकडं केलं की समोर बसून राहायच्या. "तुले मीठ कमी पडस. पी. पुरं पी." डोकं जितकं जास्त दुखायचं, तितकं पाणी जास्त खारट व्हायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी जाते. मी त्या वर्षी गेले नाही, प्रवास झेपला नसता. जिजींनी दाराशी मला झोका बांधून दिला आणि झोक्यावर बसवून हातात मिठाचं पाणी दिलं.

दर आठवड्याला तोच दवाखाना, तोच डावा हात आणि तेच नव्वद. कधी पंच्याऐंशी.

तो दिवस

आषाढातली गोष्ट. मी भाताचं पातेलं उतरवत होते. डावा हात ऐन वेळी सुटला आणि उकळतं पाणी कोपरावर, दंडावर सांडलं. कातडी सोलून निघाली. जिजींनी ओला फडका गुंडाळला, मला रिक्षात घातलं आणि थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं, कारण भाजल्यावर गल्लीतल्या डॉक्टरकडे जायचं नसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या मतामुळे मी जगले.

मलमपट्टीच्या खोलीत एक वयस्कर गुजराती सिस्टर होत्या. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी मला कपाळ धरून बसलेलं पाहिलं. विचारलं, "माथुं दुखे छे?" मी मान हलवली. त्यांनी बीपीचं यंत्र ओढलं आणि उजव्या दंडाला पट्टा बांधायला लागल्या.

जिजी लगेच उठल्या. "उजवा नको. डावा हात."

"बा, ए हाथ तो दाझेलो छे. एना पर पट्टो केम बांधुं?"

जिजींना गुजराती पुरतं कळायचं. भाजलेल्या हातावर पट्टा कसा बांधणार? त्या नाराज होऊन बसल्या. सिस्टरनी पंप दाबला, दाबला, आणखी दाबला. हवा सोडली. पुन्हा दाबला. मग "आ मशीन बगडेलुं छे" असं पुटपुटत दुसरं यंत्र आणायला गेल्या. दुसऱ्यावरही तेच आलं. वरचा आकडा दोनशेवीस.

मग त्यांनी मला बसूच दिलं नाही. आडवं केलं आणि डॉक्टरांना बोलवायला स्वतः धावत गेल्या. त्यांच्या वयाच्या बाईला तसं धावताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

डॉक्टर आले. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे, आमच्याशी हिंदीत बोलायचे. त्यांनी आधी उजवं मनगट धरलं, मग डावं. डावं बराच वेळ धरून ठेवलं. गळ्याला दोन्ही बाजूंनी स्टेथोस्कोप लावला, पोटाला लावला. म्हणाले, "इस हाथ में तो नाड़ी है ही नहीं. बीपी पहले किस हाथ में देखते थे?"

मी भाजलेल्या हाताकडे बघितलं.

"और नमक?"

याचं उत्तर जिजींनी दिलं, आणि अभिमानाने दिलं. सकाळी किती, दुपारी किती, ठेच्यात किती. आपण सुनेची किती निगा राखतो हे एका मोठ्या डॉक्टरला सांगायची संधी त्यांना मिळाली होती. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"माजी, बाएँ हाथ में ख़ून पहुँचता ही नहीं, इसलिए वहाँ कम दिखता था. असली प्रेशर यह है, दो सौ बीस. नमक आज से बंद. थोड़े दिन और चलता तो दिमाग़ की नस फट जाती."

जिजींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

वॉर्ड

तीन आठवडे मी तिथे होते. सकाळी झाडू-पोछा, मग थर्मामीटर, मग गोळ्या, मग डॉक्टरांची फेरी. फेरी संपली की शिकणारे डॉक्टर दोघं-दोघं करून यायचे आणि माझा डावा हात धरायचे. नाडी नसलेली बाई त्यांनी पुस्तकातच वाचलेली होती. वॉर्डातलं प्रेक्षणीय स्थळ झाले मी. एक मुलगी रोज येऊन "सॉरी, आंटी" म्हणायची आणि हात धरायची. तिला शोधूनही काही सापडायचं नाही आणि ती खूश होऊन जायची.

मांडीतून नळी घालून रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. त्यानंतर डॉक्टरांनी मला आणि ह्यांना सरळ सांगितलं. डाव्या हाताची वाहिनी बंद झाली आहे, ती आता उघडणार नाही. गळ्यातल्या आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या वाहिन्यांना सूज आहे, उजव्या हाताकडेही सुरुवात झाली आहे. रोग आहे तिथेच थांबला तर तुम्ही नातवंडं बघाल. नाही थांबला तर डोळे जातील, किंवा झटका येईल. स्टेरॉइड देतो आहोत. थांबतो की नाही ते सहा महिन्यांत कळेल.

सहा महिने. पिंकी तेव्हा पहिलीत बसायची होती. मी हिशोब केला तो फक्त तिचा. तिची वेणी कोण घालणार, एवढीच गोष्ट डोक्यात अडकून बसली. त्या दुपारी मी तोंडावर चादर घेऊन रडले आणि मरायची भीती वाटते असं मोठ्याने म्हणाले. शेजारच्या खाटेवरच्या बाईने ऐकलं. ती म्हणाली, "अमने पण लागे छे, बेन." आम्हालाही वाटते. तेवढ्याने मला बरं वाटलं.

हे पाळी संपवून सचिनहून थेट यायचे. नखांत रंग गेलेला, जांभळा, निळा, तो कधी निघायचाच नाही. माझा गार पडलेला डावा पंजा दोन्ही हातांत धरून बसायचे, ऊब येईपर्यंत. ऊब फारशी यायची नाही. तरी बसायचे.

माझा भाऊ आणि काकू अमळनेरहून आले. आमच्याकडे रीतच आहे, सून अंथरुणाला खिळली की माहेरी पोचवायची. काकू म्हणाली, आम्ही घेऊन जातो. ह्यांनाही पटत होतं. बारा तास हे घरात नसणार आणि म्हाताऱ्या आईला कुठे त्रास द्यायचा? मलाही वाटलं की सुटले. जिजी खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. त्या उठल्या आणि भावाला म्हणाल्या,

"नही. मी बिघाडं, मीच नीट करसू."

भाऊ काहीतरी समजवायला गेला. जिजींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने माझी पिशवी पुन्हा खाटेखाली सारली. मला तेव्हा वाटलं, त्या मिठाबद्दल बोलत आहेत.

बिनमिठाचं घर

घरी आल्यावर पहिल्या दिवशी जिजींनी मिठाची बरणी, लोणच्याच्या दोन्ही बरण्या, पापड, बिबड्या, सगळं टोपल्यात भरलं आणि रेखाबाईंच्या घरी नेऊन ठेवलं. "आते या घरमा मीठ नही." मी म्हटलं, माझ्यापुरतं वेगळं करा. त्या म्हणाल्या, वेगळं केलं की हात चुकतो. माझा चुकतो.

त्यानंतर कित्येक महिने आमच्या घरात बिनमिठाचं जेवण शिजलं. ह्यांचं मिलच्या कँटीनमध्ये भागायचं. पिंकी दोन दिवस रडली आणि मग जेवणाच्या वेळी बरोबर रेखाबाईंच्या घरी खेळायला जाऊ लागली. जिजी मात्र माझ्यासमोर बसून तेच जेवायच्या आणि जेवताना शिव्या घालायच्या. वरणाला शिव्या, भाजीला शिव्या, डॉक्टरला शिव्या. "हाई जेवण से का सजा?" असं म्हणत चौथी भाकरी मोडायच्या. मग त्यांनीच शोध सुरू केले. लिंबू, लसूण भाजून, कोकम, तिळाचं कूट, ओल्या मिरचीचा धूर दिलेलं वांगं. पंधरा दिवसांत त्यांनी असं भरीत केलं की मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. त्यांनी वर बघितलंही नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्या गल्लीला माहीत होतं.

स्टेरॉइडने माझं तोंड सुजलं, गोल झालं. ओठांवर लव आली. आरशात मी मला ओळखत नव्हते. भूक भयंकर लागायची आणि राग त्याहून भयंकर यायचा. या गोळ्या सुरू असलेल्या बायकांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं, तो राग तिचा नसतो. एका दुपारी मी जिजींच्या अंगावर ताट फेकलं. खरंच फेकलं, आमटीसकट. म्हणाले, तुम्ही मला मारायला निघाला होता आणि आता सेवा करून दाखवता. सात वर्षं ज्यांच्यापुढे मान वर केली नव्हती, त्यांना हे बोलले.

जिजींनी लुगड्यावरचे डाळीचे डाग बघितले. वाटी उचलली.

"फेक," त्या म्हणाल्या. "ताकद उनी म्हणीसन फेकी ऱ्हायनी."

अंगात ताकद आली म्हणूनच फेकते आहे, असं म्हणत त्यांनी दुसरं ताट वाढून आणलं. मी ते रडत रडत जेवले. अशा बाईपुढे कोणाचा राग किती वेळ टिकणार?

रोज सकाळी, मी गोळ्या घेतल्या की, त्या माझ्यासमोर बसून उजवं मनगट हातात घ्यायच्या. डोळे मिटायच्या. आधी मला हसू यायचं. इतकी वर्षं डावा, डावा करणारी ही बाई, आणि आता उजवा. पण त्या तीन बोटांचा स्पर्श असा काही होता की मीही गप्प व्हायचे. खरखरीत बोटं, पण दाब अगदी हलका. जरा वेळाने म्हणायच्या, "चालू से." मग मी दिवसाला सुरुवात करायचे. बायकांच्या हाताबद्दलचा आपल्या बापाचा पहिला धडा बाजूला ठेवून साठाव्या वर्षी त्या माझ्या उजव्या हातावर पुन्हा शिकत होत्या. मला तर पोळपाट बदललेला चालत नाही.

एकदा त्यांनी बराच वेळ हात सोडला नाही. कपाळाला आठ्या. मी घाबरले. मग म्हणाल्या, आज जरा जोरात आहे, दवाखान्यात चल. गेलो. दोनशेला टेकलं होतं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. सिस्टरनी विचारलं, कसं कळलं? जिजी म्हणाल्या, "बोटले समजनं."

सहा महिने

संक्रांतीच्या दोन दिवस आधी तपासणी होती. त्याच सिस्टरनी उजव्या हाताला पट्टा बांधला. एकशेचाळीस. डॉक्टरांनी गळ्याला स्टेथोस्कोप लावून डोळे मिटले, पोटाला लावला, रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला. उजवं मनगट धरून म्हणाले, "भरपूर चल रही है. रोग रुक गया है."

जिजींनी विचारलं, "परत चालू व्हई का?"

"हो सकता है, माजी. इसलिए आते रहना है. पर आज रुका है."

खोटा धीर न देता आनंदाची बातमी कशी सांगावी, हे मी त्या माणसाकडून शिकले. त्यांच्यासारखे डॉक्टर मिळणं हेही नशीबच.

इथे एक कामाची गोष्ट सांगून ठेवते. तरुण वयात हात गार पडत असेल, लवकर थकत असेल, चक्कर येत असेल, तर बीपी दोन्ही हातांना बघायला सांगा. डॉक्टर घाईत असले तरी सांगा. दोन्ही हातांत मोठा फरक दिसला तर तिथून घरी येऊ नका, पुढे मोठ्या दवाखान्यात जा.

संक्रांत

त्या वर्षी हळदीकुंकू आमच्याकडे करायचं असं रेखाबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. मी बरी झाले म्हणून. पंधरा-वीस बायका दोन खोल्यांत दाटीवाटीने बसल्या. माझं तोंड अजून गोलच होतं, पण मी काळी साडी नेसले होते, टिकल्या लावलेली. जिजी विधवा. अशा दिवशी त्या मागच्या खोलीत बसायच्या, तिळगूळ आतून पाठवायच्या. त्या दिवशीही आतच होत्या.

बोलता बोलता रेखाबाईंनी विषय काढला. म्हणाल्या, सासू असावी तर अशी. सहा महिने मीठ खाल्लं नाही बाईने. सुनेला मरणाच्या दारातून ओढून आणली. एकीने म्हटलं, त्यांचे पाय धुऊन पाणी प्यायला पाहिजे. सगळ्या हो-हो करायला लागल्या. मीही मान हलवली, मनापासून हलवली.

तेवढ्यात जिजी बाहेर आल्या. सवाष्णींच्या मधून वाट काढत माझ्याजवळ येऊन बसल्या.

"असं नका म्हणू," त्या म्हणाल्या. "तुमले माहीत नही. इलेबी माहीत नही." इलेबी म्हणजे मला. "आखाजीले ही झोकावर झोपी गई व्हती. मी इना डावा हात धरा. माले नाडी बघता येस, मना बापनी शिकाडेल से. नाडी लागनी नही. परत दखं, तरी नही. माले वाटनं, मन्या बोटेसमा आते जीव नही ऱ्हायना. बापनं शिकाडेल मी इसरी गवू. माले लाज उनी. मी कोनले सांगं नही. आनि वरथीन डाक्टरले तोच हात देत ऱ्हायनू, इले मीठ पाजत ऱ्हायनू."

पिंकी तिळगूळ मागत होती, तिला कोणीतरी गप्प केलं.

आखाजीलाच त्यांना माझी नाडी सापडली नव्हती, आणि बापाने शिकवलेलं आपण विसरलो या लाजेने त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. आखाजी ते आषाढ. अडीच महिने. खरं सांगते, पहिल्या क्षणी मला भयंकर राग आला. गोळ्यांचा नव्हे, माझा स्वतःचा. अडीच महिने आधी या एवढं एक वाक्य बोलल्या असत्या तर! मग मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे हात मांडीवर उघडे पडले होते. हे कोणी विचारलं नव्हतं. कोणाला कधी कळलंही नसतं. जगभर वाहवा चालली असताना, सुनेच्या आणि सगळ्या गल्लीच्या तोंडावर, ज्या दिवशी बाहेर यायची रीत नाही त्या दिवशी बाहेर येऊन त्यांनी ते सांगितलं. मला चार भिंतींत एकटीला सांगितलं असतं तर मी माफ करून विसरून गेले असते. हे मी विसरू शकले नाही, आणि माफ करायचं काही उरलंच नाही.

"म्हणीसन सांगस," जिजी म्हणाल्या, "नाडी लागनी नही ते लागनी नही अशी सांगा. आपलंच बोट खोटं से अशी धरी बसू नका. लाज बाळगी ते माणूस जास."

मग रेखाबाईंनी मांडीवरचं वाण खाली ठेवलं, बांगड्या वर सारल्या आणि दोन्ही हात जिजींपुढे धरले.

जिजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी आजवर मला कधी काही विचारलं नव्हतं, तेव्हा पहिल्यांदा विचारत होत्या.

"बघा ना, जिजी," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. त्या संध्याकाळी आमच्या घरातून एकही बाई तशीच गेली नाही. दारात मी हळदीकुंकू लावत होते, आणि आत जिजी एकेकीचे दोन्ही हात हातात घेत होत्या.